ट्रामला माझी हरकत

—नाही नाही, मान हलवू नका, हनुवटी जरा वर… हां, असंच बसा. डाव्या कानामागे टोचतंय ना? काडी थोडी वाकवतो, नवा चष्मा आहे, नखरे करणारच. काय सांगत होतो मी? हां, पायऱ्या. आत येताना तुम्ही अडखळलात ना, ते तुमच्या डोळ्यांमुळे नव्हे, माझ्या सुनेमुळे. इथं दोन पायऱ्या होत्या, चांगल्या रुंद. गेल्या! ट्रामला काटकोनात वळता येत नाही म्हणे — एवढी लांबलचक गाडी, तिला ऐसपैस गोलाई लागते — आणि ती गोलाई नेमकी माझ्या दारातून. कुणी आखली? आमच्या सूनबाईंनी. शहरभर हे ट्रामचं जाळं विणतायत ना, त्याची मुख्य इंजिनीयर ती. आमच्याच जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, माझ्याच काचा पुसायच्या फडक्यानं खोडरबराचा चुरा झटकला आणि माझ्याच पायऱ्या उडवल्या!

मग मी काय गप्प बसणार? रस्त्यावरच्या दुकानदारांची समिती काढली. अध्यक्ष कोण? मीच. जाहीर सुनावणीला ती व्यासपीठावर, मी पहिल्या रांगेत — सकाळी एकाच किटलीतला चहा पिऊन निघालेलो, बरं का. उठलो नि विचारलं, "बाई, हादऱ्यानं माझ्या काचा फुटल्या तर?" म्हणाली, "रुळांखाली रबराचा जाड थर घालतोय, हादरा दुकानापर्यंत पोचणार नाही." म्हटलं, "आणि वळणावर चाक घासून किंचाळलं की?" तर म्हणे, "रुळाला आपोआप वंगण देणारं यंत्र बसवतोय." प्रत्येक हरकतीला उत्तर तयार! असणारच — आदल्या दिवशी जेवताना मीच सगळ्या हरकती तिला ऐकवल्या होत्या ना. हसू नका, चष्मा घसरतो.

पण खरी गंमत पुढे. रूळ टाकायच्या आधी रस्त्याखालचं सगळं बाजूला सरकवावं लागतं — पाण्याचे नळ, गटारं, तारा — नाहीतर उद्या नळ दुरुस्त करायला ट्राम बंद ठेवणार का? त्या खोदकामात एक जुना नळ फुटला. कुणालाच ठाऊक नव्हता तो. पाणी थेट दुकानांत, शेजारच्या औषधवाल्याची खोकी तरंगायला लागली. सून धावत आली, गुडघाभर चिखलात उभी राहून माणसांना ओरडून सांगतेय, "आधी वरची झडप बंद करा!" — आणि हा औषधवाला तिच्या तोंडावर म्हणतो, "नवरा सांभाळता आला नाही, निघालीय शहर सांभाळायला!" माझ्या हातात केरसुणी होती. तशीच उगारली. म्हटलं, "खबरदार! माझ्या सुनेला बोलायचं तर मी बोलेन, अध्यक्ष मी आहे!" सगळा रस्ता हसला. चिखलानं माखलेली तीही हसली. पुढच्याच बैठकीत माझं अध्यक्षपद गेलं, ते जाऊ दे.

नवरा? म्हणजे आमचा मुलगा हो. दुसरीकडे संसार थाटलाय त्यानं. फोन येतो… कधीतरी. तो गेला तेव्हा आम्हा नवरा-बायकोला वाटलं, आता हीही जाणार — कोण राहतं अशा घरात? पण ही स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "बाबा, लाइन पूर्ण होईपर्यंत इथंच राहिले तर चालेल?" मी म्हटलं, "रहा की." लाइन पूर्ण होईपर्यंत — शब्द तिचेच. मग अध्यक्षपद नसलं तरी मी एकटा हरकती घेतच राहिलो. तारांचा खांब माझ्या पाटीसमोर येतो. थांब्याचं छप्पर उजेड अडवतं. घंटा फार मोठी वाजते. एकेका हरकतीला सुनावणी, सुनावणीला तारीख, तेवढंच काम जरा… काय? मुद्दाम लांबवलं? छे, मुद्दाम कसलं… म्हणजे, थोडंसं. मान सरळ ठेवा हो!

तरी झालीच पूर्ण. काल चाचणीची ट्राम दारावरून गेली — एक काच हलली नाही, काय सांगू, एकसुद्धा नाही! आणि हिला दुसऱ्या गावाहून बोलावणं आलंय, तिकडंही ट्राम करायचीय. परवा म्हणाली, "बाबा, तिकडे तीन खोल्यांचं घर बघितलंय." मी म्हटलं, "एकट्या बाईला तीन खोल्या कशाला?" तर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणते, "माणसं मोजा ना तुम्हीच."

मी काय म्हणालो? आमटी वाढून घेतली. आता या वयात परगावी जाऊन… दुकानाचं काय, गिऱ्हाइकांचं काय, तुमच्या या कानाचं काय? तुम्ही गेला असता? घ्या, बसला नीट. या आता, बंद करतोय दुकान. हो, भर दुपारी. घरी बायकोनं बोलावलंय, कपाटं उघडून ठेवलीत तिनं — काय न्यायचं, काय टाकायचं. अजून ठरलेलं काही नाही म्हणे, नुसतं बघायला.