उलटे झुकणारे रेणू

सॅमसन इस्रायलला निघाला तेव्हाची, म्हणजे नव्वदच्या दशकातली गोष्ट. सॅमसन रोह्याचा ज्यू, शाळेपासूनचा माझा मित्र. मुलाकडे कायमचा जाणार म्हणून निरोप घ्यायला तो पेणला माझ्या घरी आला, तर मी गणितात अडकून बसलेलो.

"रिटायर झालास ना प्रोफेसर? मंग आता काय सोडवतोयस?"

मी त्याच्या मनगटावरच्या डिजिटल घड्याळाकडे बोट दाखवलं. "त्या काचेमागे एक द्रव असतो. वीज दिली की त्याचे रेणू उभे राहतात, बंद केली की आडवे होतात. ते किती झटकन होतं, याची समीकरणं मांडतोय. पण माझ्या उत्तरात, वीज बंद केल्यावर मधले रेणू आधी क्षणभर उलट्याच बाजूला झुकतात. कुठेतरी चिन्ह चुकलं असणार. तपासून तपासून माझी झोप उडाली आहे."

सॅमसनने घड्याळाच्या काचेवरून अंगठा फिरवला.

"चूक नसंल रे ती," तो म्हणाला. "माझंच बघ, घर विकलं, तिकीट हातात हाय, आणि काल मी परसात माड लावला. बायको म्हणते, डोकं फिरलंय तुमचं."

मी हातातली पेन्सिल समीकरणांवर ठेवली.

"पण शेवटी येतात ना ते रेणू जागेवर?" त्याने विचारलं.

जन्मात मी एकही उत्तर छातीठोकपणे दिलेलं नाही. तेव्हा मात्र म्हणालो, "येतात."

"मंग झालं," तो उठत म्हणाला. "माड तेवढा अधूनमधून बघून येत जा."