सहीचं पान

—नाही, तू बस. चहा नको ना, मग नुसता बस, पण गोड बोलून निसटायचं नाही. भाडेकायद्याच्या समितीचा सचिव असशील तू तिकडे, इथे माझा विद्यार्थी आहेस. वाच, अहवालाचं बाविसावं पान वाच. भाडेकरूला घर रिकामं करायला किती दिवस? सात! मी किती लिहिले होते? नव्वद. दोन वर्षं जिने चढून, खोल्याखोल्यांतून फिरून, त्या शिवणकामवाल्या बाईला शब्द देऊन — तीन मुलींना घेऊन सात दिवसांत कुठे जाईल रे ती? — आणि खाली सही कुणाची? माझी! हो, माझीच आहे, खोटी कोण म्हणतंय? सहीची पानं आधी गोळा करायची, अहवाल मागाहून जोडायचा, ही तुमची रीत. "मॅडम, फक्त शुद्धलेखन राहिलंय" — तूच म्हणालास ना? नव्वदाचे सात होतात होय शुद्धलेखनात?

बाकीच्या सदस्यांनीही केली सही? बाकीच्यांचं मला सांगू नकोस. तीस वर्षं कायदा शिकवला, दरवर्षी पहिल्या तासाला एकच सांगितलं — न वाचता सही करायची नाही. पहिल्या बाकावर बसून मान डोलवायचास तू! मग सगळ्यात आधी माझ्याकडेच कसा आलास? सांग ना. नको, मीच सांगते. माझ्या खोलीत मदतनीस होतास, शिफारसपत्रांचा गठ्ठा पुढे सरकवायचास, मी फोनवर बोलत सह्या ठोकायची — बघून ठेवलंस. चांगलं शिकलास हो.

हे घे, सही मागे घेतल्याचं पत्र. अहवाल उद्या मंत्र्यांकडे जायच्या आत त्याला जोडलं गेलं पाहिजे. लिहिलंय त्यात, माझी फसवणूक झाली — हसतोस कशाला? हसायला काय झालं? सही घेतलीस त्या दिवशी पुढच्या आयोगाच्या अध्यक्षपदाचा विषय तूच काढलास, मी कुठे मागितलं होतं? तू म्हणालास, मॅडम, तुमचंच नाव चाललंय — आणि पेन माझ्या हातातच होतं. पानं चाळायला हात गेला होता रे माझा. गेला होता. म्हटलं, आत्ता काही विचारलं तर हा माझं नाव—

...

दे इकडे ते पत्र. दे म्हणते ना! फसवणूक कसली. पुन्हा लिहिते, सगळं लिहिते, पदाचंसुद्धा. मग बसवा कुणाला बसवायचं ते त्या खुर्चीत. नाही, तू सुचवू नकोस, एक अक्षर सुचवू नकोस. ऊठ. ऊठ म्हटलं ना!