सासूबाई आणि पाठीतली सुई

माझ्या पहिल्या बाळंतपणाची गंमत सांगते. माहेर नगरचं, म्हणून दवाखानाही नगरचाच. कळा सोसवेनात, तेव्हा मी पाठीतून देतात ते एपिड्युरल इंजेक्शन मागितलं. मिरजगावहून आलेल्या सासूबाई डॉक्टरांच्या आडव्याच आल्या.

"पाठीत सुई नगं. मी चार बाळंतपनं बिनसुईची काढली."

लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना उलटून बोलले. "आई, कळा मला येतायत, तुम्हाला नाही."

त्या फणकाऱ्यानं बाहेर जाऊन बसल्या आणि डॉक्टरांनी मला सुई दिली. बऱ्याच वेळानं, आतून आवाज येईना म्हणून घाबरून आत आल्या. मी नर्सबाईंना शेंगोळ्यांची कृती सांगत होते.

"कळा थांबल्या का गं?"

"चालू आहेत की. आत्ताच एक येऊन गेली."

त्या माझ्या उशाशी टेकल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी मी चार येळा उगाच वरडले."

संध्याकाळी मुलगी झाली. नातीला मांडीवर घेऊन सासूबाई बसल्या होत्या. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून दुसऱ्या कुणाच्या सासूचा आवाज आला, "आमच्या सुनंला सुई नगं."

सासूबाईंनी जागेवरूनच आवाज चढवला, "घिऊ द्या तिला. कळा तिला येत्यात, तुमाला न्हाई."