चादरीचा कोपरा

हसू नका, पण मी नर्सिंग कॉलेजात टिकलो ते एका चादरीपायी.

फौजेतनं पेन्शनवर आलो आणि कोल्हापुरात नर्सिंगला नाव घातलं. वर्गातली पोरं मला काका म्हणायची. पहिल्याच चाचणीत ॲनाटॉमीत आपटलो. कॉलेजातनं नाव काढून घरला गडहिंग्लजची एसटी धरायची, असं ठरवूनच त्या दिवशी प्रॅक्टिकलला गेलतो. प्रॅक्टिकल काय, तर पेशंटच्या पलंगावर चादर घालायची.

आता फौजेच्या ट्रेनिंगला आमचे उस्ताद होते चंदगडचे. रोज सकाळी चादरीचा कोपरा ओढून बघायचे. जरा ढिला लागला की सगळं अंथरूण खाली फेकायचे आणि शिव्या हासडून म्हणायचे, "परत घाल." मीबी मनातल्या मनात लई शिव्या घातल्यात त्यांना.

त्या दिवशी हात आपोआप चालला. माझ्यापेक्षा लहान असलेल्या मॅडमनी कोपरा ओढून बघितला. हलला न्हाय.

"कुठं शिकलात?"

"फौजेत, शिव्या खाऊन, मॅडम."

"मग उद्यापासून पोरांना चादर तुम्ही शिकवा. तुम्हाला ॲनाटॉमी पोरं शिकवतील."

तसंच झालं की. परवा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला, पास झालो. पहिला फोन उस्तादांना लावला. "उस्ताद, तुमच्या चादरीनं मला नर्स केलं बघा."

उस्ताद म्हणाले, "बरं झालं. पण आता त्या चादरीवर आजारी माणूस झोपणार हाय. कोपरा परत एकदा बघ."