हद्दीवरचा जन्म

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात सीताबर्डीच्या बसथांब्यावर माझ्यामागे दोघी उभ्या होत्या. एकीच्या कडेवर तान्हं बाळ होतं.

"नातू का वं, अंजनाबाई?"

"नात हाय. मोठ्या दवाखान्यात जन्माचा दाखला मागाले आली होती. देऊन नाही राहिले."

"काहून?"

"म्हणते, इथं जन्मली नाही, तालुक्याच्या दवाखान्यात जा. तालुक्याचे म्हणते, तुमची सून आमच्या इथून पोटुशीच गेली."

"मंग जन्मली कुठं?"

"रस्त्यावर. तालुक्याच्या डॉक्टरनं सुनेले जीपमधून नागपूरले धाडलं. जिल्ह्याची हद्द आली अन् ड्रायव्हरनं जीप थांबवली. म्हणे, आमच्या जीपले इथवरच परवानगी हाय, पुढची जीप नागपूरहून येईल."

"आली का?"

"दीड तासानं. तवर मी लुगड्याचा आडोसा केला अन् पोरगी माह्या हातात आली."

"मंग आता दाखल्याचं?"

"बाबूले म्हटलं, बाळंतपण कोणं केलं तिथं माहं नाव लिही. तं तो मले इचारते, तुमच्या दवाखान्याचा शिक्का कुठं हाय?"

"मंग?"

"त्याच्याच शाईत अंगठा बुडवला अन् कागदावर दाबला. म्हटलं, जन्मल्याबरोबर पोरीनं हाच धरला होता."