उद्यापनाच्या दिवशी आलेले करवाले

अगं, तिकडे हिंदी मुलखात, परदेशीपुऱ्यात आमचं पूजासाहित्याचं लहानसं दुकान होतं ना, तेव्हाची गोष्ट. थोडी विक्री असलेल्यांना विक्रीकर माफ होता. ते तपासायला इन्स्पेक्टर आले नेमके माझ्या सोळा सोमवारांच्या उद्यापनाला! दारात चपलांचा ढीग.

“बाईजी, इतने ग्राहक? फिर माफी कैसी?”

ह्यांचा चेहराच उतरला. मी म्हटलं, “गिऱ्हाईकं नाहीत हो, मागे घरात जेवायला आलेत. तुम्हीही बसा.”

“मुफ्त का कुछ नहीं. पैसे लो, अगरबत्ती दो.”

ह्यांनी पैसे घेतले आणि भवानीच्या सवयीनं डोळ्यांना लावले.

इन्स्पेक्टर बघतच राहिले. “भिया, तीन बज गए, और बोहनी अब?”

तिथेच उभ्याउभ्या त्यांनी माफी लिहून दिली.