पायाखालचा ब्रेक

हालू नका, हिरालालभाऊ. पडून राहा तसेच — पाना ठेवा खाली, आता काही आवळू नका. घरंगळल्याचा आवाज आला ना? तो चाकाखाली आजच लावलेला गोटा होता. बैलाचा कासरा बांधून ठेवला होता त्याले, इथं सीटवर बसूनच ओढला म्या. आता गाडी माझ्या एका पायावर उभी आहे. ब्रेकवरचा पाय उचलला का ही सुटली तलावाच्या पाळीच्या उतारानं, अन् मागचं चाक बरोबर तुमच्या छातीवरून. सरकून पाहता? पाहा सरकून. पाठीवर पडलेला माणूस किती सरकते अन् धानाची पोती लादलेली गाडी किती जोरात उतरते — मी पाहिलं आहे ते. ओरडता कायले? सारं आसगाव धानाच्या मळणीले, चुरण्यावर गेलं आहे, पाळीवर कोण येते आता?

माझ्या दादाच्या तेरवीले काहून नाही आले तुमी? पवनीहून आसगाव काही काशी आहे का? मी वाट पाहिली. वाढणारे उठून गेले, तरी तुमच्या नावाची पत्रावळ मांडून बसलो होतो. नाही आले. आज निरोप धाडला का गाडी इकायची आहे, जरा खालून पाहून द्या — तर सकाळीच हजर! माणूस मेला तर नाही, अन् गाडी इकायची म्हटली का डोळे चमकते तुमचे.

दादा तुमच्यावर किती भरोसा ठेवे! जागेश्वरदादा असा कोणाच्या पाया पडणारा नव्हता, पण तुमच्या गॅरेजात शिरला का हात जोडून. चौऱ्याऐंशीत लिलावात घेतली ही डिझेल पिकअप, तवापासून हिची दुखणी काढून राहिलो आमी. हिचा सेल्फ मेला — तुमी म्हटलं, पुढच्या बाजाराले बसवून देतो. किती बाजार गेले? दोन वर्षं आमी हिले तलावाच्या पाळीवर उताराले तोंड करून उभी करतो, अन् सकाळी ढकलून चालू करतो. पंप हवा धरे, तर दादा तोंडानं डिझेल ओढे — रात्रभर थुंकत राहे बिचारा. थंडीत हवेच्या नळीपाशी चिंधी पेटवून धरा, तवा कुठं खोकत उठे ही म्हातारी बुडी. अन् गिअरात टाकून ठेवली तर गिअर आपोआप सटके. बाप्पा, ही गाडी होती का दवाखाना! दादा म्हणे, ‘कवड्या, तू तिसरीतून पळाला, पण इंजनाचं पोट कुठं दुखते हे तुले मिस्त्रीच्या आधी कळते.’ असं म्हणे तो.

काय म्हणता? नवी तार टाकली होती? जोरात बोला! हँडब्रेकची नवी अस्सल तार? हे पाहा — दिसते का तिथून? दरवाज्याच्या खालून हात काढला, पाहा. ही तुमची नवी तार. कुंपणाची आहे ही. आमच्या वांग्याच्या वाडीले हीच तार आहे, मले ओळखू येत नाही का? वरतून ग्रीस फासलं, का कोणी बोट लावू नये. अन् दादाले काय म्हटलं तुमी, सारे उभे होते तवा — ‘जागेश्वर, आता तो गोटा फेक तलावात, हा हँडब्रेक हत्तीले धरून ठेवील.’ दादा हसला, अन् फेकला ना खरंच! दोन हातानं उचलून फेकला. त्या गोट्यानं दोन वर्षं गाडी धरली होती.

तू मारलं त्याले. हो, आता तूच म्हणीन. भाऊ-बिऊ गेलं. सायलेन्सर खडखडते म्हणून खाली शिरला तो, तुझ्यासारखाच आडवा, पाय बाहेर. तार तुटली. आवाज बी नाही झाला मोठा. पोटुशी बायको आहे त्याची घरी, उषावहिनी, ताटावर बसते अन् घास हातातच राहते. तुले आता कळू दे, वरतून चाक येऊन राहिलं का माणसाले काय वाटते. म्हण, ‘म्या कुंपणाची तार टाकली.’ म्हण!

— हां. ऐकलं. पुन्हा म्हण.

मग? अजून काय? … कायचं काय? मी कुठं होतो? सीटवर होतो. इथंच. साऱ्यांले माहीत आहे, शिपायानं पंचनाम्यात लिहिलं — लहान भाऊ ब्रेक दाबून बसला होता, पायाचा ब्रेक बी नाही लागला. अंगठा केला म्या त्याच्यावर. नाही लागला तर नाही लागला! तवापासून बैलांनी ओढून वर आणली तेवढीच, ब्रेकले कोणी पाना नाही लावला, तू आज पहिला…

काय?

आज पायाचा ब्रेक लागून राहिला. हो. … लागून राहिला, दिसतेच आहे तुले.

तू लय हुशार आहेस, मिस्त्री. खाली पडल्या-पडल्या बी हुशार. हसून तर नाही राहिला ना? नाही हसत. बरं.

त्या दिवशी तलावात ढिवरांचं मासोळीचं जाळं निघून राहिलं होतं. तिकडं, सांडव्यापाशी. सारे ओरडले का मोठी मरळ लागली, हाताएवढी — अन् मी… दादानं म्हटलं होतं, ‘कवड्या, पाय काढू नको रे, माझा या नव्या तारेवर अजून भरोसा नाही बसला.’ हो म्हटलं म्या. अन् उतरलो. हँडब्रेक ओढलेलाच होता ना! हत्तीले धरणारा! दोन मिनिटं म्हटलं, पाहून येतो. पाण्यापाशी बी नाही पोचलो. वहिनी रोज विचारते, ‘भाऊजी, तुमी तर आतच होते ना? शेवटी काही बोलले का ते?’ अन् मी रोज नवं काही बोलतो. काल म्हटलं, तुमचं नाव घेतलं.

निघ. निघ बाहेर, हिरालाल — डाव्या अंगानं निघ, चाकापासून दूर. हळू. मी दाबून आहो, नाही सोडत. लवकर निघ… डोकं सांभाळ. निघाला? दोन्ही पाय निघाले?

जा आता. पान्याची थैली राहू दे, धाडून देईन. आमच्या दारावरून नको जाऊ, वहिनी ओट्यावर बसली असंल. शेताच्या बांधावरून, धुऱ्या-धुऱ्यानं जा. … काहून उभा राहिला? जा ना बे! पाहून काय राहिला माझ्या तोंडाकडं?